अनुपालन-विधानातील बिट्सवरील मर्यादेचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न: एसएनएमपीच्या (नेटवर्कमधील उपकरणांवर देखरेख ठेवण्याच्या प्रोटोकॉलच्या) एका मिबमध्ये, म्हणजे अशा माहितीच्या व्याख्यांच्या संचात, बिट्स प्रकारच्या (क्रमांक दिलेल्या बिटांचा समूह असलेल्या) ऑब्जेक्टला ०, १ आणि २ असे तीन बिट आहेत, पण मॉड्यूल-कम्प्लायन्समधील (अनुपालन-विधानातील) सिंटॅक्समध्ये, म्हणजे मान्य मूल्ये सांगणाऱ्या कलमात, ० आणि २ एवढेच दिले आहेत. मग आमच्या एजंटने (उपकरणावरील एसएनएमपी सॉफ्टवेअरने) बिट १ पाठवला, तर तो नियमभंग ठरेल का?

उत्तर १: ठरणार नाही. १९९९ च्या आरएफसी २५८० या मानक-दस्तऐवजानुसार तिथला सिंटॅक्स ही अनुपालनासाठी लागणारी किमान पातळी असते. त्याहून अधिक आधार देण्यास मनाई नाही. एजंट प्रत्यक्षात काय हाताळतो, हे सांगण्याची जागा एजंट-कॅपॅबिलिटीज हे वेगळे विधान आहे, आणि या दोहोंची गल्लत फार जण करतात.

उत्तर २: सहमत आहे, फक्त एक भर घालतो. मधला बिट वगळला तरी उरलेल्यांचे क्रमांक सरकत नाहीत. बिट ० हा पहिल्या ऑक्टेटमधला (आठ बिटांच्या गटातला) सर्वांत वरचा असल्याने ० आणि २ लावल्यावर १०१०००००, म्हणजे दशमानात १६०, असेच मूल्य जायला हवे. आमच्या जुन्या पार्सरने (मिब वाचणाऱ्या प्रोग्रामने) क्रमांक सरकवून ते १९२ केले होते आणि दोष सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ऑब्जेक्टमध्ये मूल्य लिहिताना वेगळी मर्यादा हवी असेल तर?

उत्तर १: त्यासाठी राइट-सिंटॅक्स हे वेगळे कलम आहे, ते दिले नसेल, तर सिंटॅक्सच लेखनालाही लागू होतो.