तुटलेली नस पुन्हा 'येते', तिला मराठीत काय म्हणायचं?

माझी आई 71 वर्षांची आहे. मार्चमध्ये भाजीचा फणस चिरताना तिचा हात सटकला आणि विळीचं पातं उजव्या तळव्यात, तर्जनीच्या मुळाशी खोल गेलं. कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) वाचली, पण बोटाकडे जाणारी नस तुटली. ती शिवून घेऊन तिसऱ्या दिवशी घरी आलो. सोबत मराठीत छापलेला एक कागद मिळाला. त्यावर वाक्य होतं : 'वयोमानपरत्वे मज्जातंतूंचे पुनरुत्पादन मंदावते.'

आईनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मज्जा म्हणजे हाडातली ना गं? हाडापर्यंत गेलंय का?" पुनरुत्पादनाबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. कागदाची घडी घालून उशीखाली ठेवून दिली.

मी भाषांतरं करते, तरी मला तिला नीट सांगता येईना. म्हणून इथे विचारते. नस, शीर, मज्जातंतू, चेतातंतू यांतला घरात कुठला शब्द वापरावा? पुनरुत्पादन तर चूकच, पण पुनर्जनन तरी बरोबर आहे का? आणि 'वयोमानपरत्वे' वाचून आईचं तोंड उतरलं. त्या जागी दुसरं काय म्हणता येईल?

प्रतिसाद

ताई, आधी मज्जेचं बघू. आईंचा गोंधळ अगदी रास्त आहे. सप्तधातूंमध्ये अस्थीच्या पाठोपाठ मज्जा येते, आणि मराठी माणसाला मज्जा म्हटलं की नळीच्या हाडातला मऊ गरच आठवतो. पण ही आपल्या परिभाषाकारांची एकट्याची चूक नव्हे. कण्यातला मऊ दोर, म्हणजे मज्जारज्जू, युरोपातही 'कण्यातली मज्जा'च होता. चेतातंतूभोवतीच्या स्निग्ध वेष्टनाला जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो यांनी 1854 साली मायलिन नाव दिलं, तेसुद्धा मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे मज्जारज्जू, मज्जातंतू, मायलिन या सगळ्यांमागे एकच उपमा आहे. आज ती कळत नाही, उलट घाबरवते. शालेय पुस्तकांनी चेतासंस्था, चेतापेशी हे शब्द घेतले ते बरं झालं.

खरी गंमत स्नायूची आहे. ग्रीकमध्ये 'न्यूरॉन' म्हणजे मुळात कंडरा, दोरी, धनुष्याची प्रत्यंचा. संस्कृत स्नायु आणि हा न्यूरॉन एकाच मूळ धातूतून आलेले सख्खे भाऊ. सुश्रुतानं शारीरस्थानात 900 स्नायू मोजले, ते कंडरांसारखे बांधणारे दोर. 500 पेशी मोजल्या, त्या मांसाच्या. पुढे मराठीत स्नायू मांसाचा झाला आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखालच्या घटकाला गेली. हिंदीत मांसपेशी अजून मांसाचीच आहे, तिकडे सूक्ष्म घटकाला कोशिका म्हणतात. बंगालीत स्नायू म्हणजे थेट नस. शीतयुद्धाला बंगालीत 'स्नायुयुद्ध' म्हणतात. मराठी वाचकाला ती कुस्ती वाटेल! त्यामुळे बंगाली किंवा हिंदीतून आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणताना 'स्नायू' दिसला की थांबावं.

प्रतिसाद

मी हाताच्या रुग्णांबरोबर काम करणारा फिजिओथेरपिस्ट. स्नायू आणि न्यूरॉन भाऊ आहेत हे वाचून बरं वाटलं, कारण मनगटात उघड्या जखमेत नस आणि कंडरा शेजारी शेजारी पडलेल्या असतात. दोन्ही पांढऱ्या दोऱ्या, आणि नवख्याची फसगत होऊ शकते. प्राचीनांनी दोघींना एकच नाव दिलं यात नवल नाही. त्या वेगळ्या आहेत हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या वैद्यांनी शवविच्छेदन करून दाखवलं.

माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस 'नस'च म्हणतो. नस दबली, नस आखडली, नस चढली. यांतली चढलेली नस प्रत्यक्षात पोटरीच्या स्नायूचा गोळा असतो, आणि फुगलेली नस म्हणजे रक्ताची शीर. तरी घरात नसच म्हणा. फक्त एक वाक्य जोडा : 'रक्ताची नाही, जाणिवेची नस.' माझ्या रुग्णांना एवढ्यानं कळतं.

आता पुनर्जननाबद्दल. दहावीच्या पुस्तकात हा शब्द प्लॅनेरिया या चपट्या कृमीसाठी येतो. तुकडा पडला की त्याचा नवा जीव. नसेत असं काहीच होत नाही. तुमच्या आईच्या बोटातली जाणीव वाहणाऱ्या पेशींची शरीरं मानेजवळ, कण्याच्या बाजूला आहेत. तिथून निघालेला एकेक अक्षतंतू अख्खा हात उतरून बोटाच्या टोकाला जातो. विळीनं कापली ती ही लांब शेपूट. पेशी जिवंत आहे. कापल्या जागेच्या पुढचा तंतू मात्र कुजून जातो. हे इंग्रज शास्त्रज्ञ वॉलर यांनी 1850 साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. मग मागच्या टोकातून तीच पेशी पुन्हा तंतू काढते, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. जन्म कोणाचाच होत नाही, म्हणून 'जनन' खटकतं.

आणि एक सूचना. तंतूभोवतीच्या वेष्टनाच्या पेशींना काही मराठी लेखांत 'श्वान पेशी' लिहितात. वाचणारा कुत्रा समजतो. थिओडोर श्वॉन यांचं नाव आहे ते, कृपया ऑ लिहा.

प्रतिसाद

मी सांगली जिल्ह्यातला ऊस उत्पादक. वैद्यकातलं कळत नाही, पण फिजिओथेरपिस्ट साहेबांनी सांगितलेलं वाचून वाटलं, हा तर खोडवा! ऊस तुटला तरी जमिनीखालचा बुडखा जिवंत असतो, त्याच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. बेणं नवं लावलेलं नसतं. आम्ही 'खोडवा फुटला' म्हणतो, 'खोडव्याचं पुनर्जनन झालं' असं कुणी म्हणत नाही. मग 'नस फुटते आहे' म्हणायला काय हरकत आहे?

आणि लावणीनंतर खोडवा, खोडव्यानंतर निडवा, असं उतारा कमी होत जातो. त्यात सगळा दोष बुडख्याचा नसतो. रान घट्ट होतं. म्हणून बगला फोडतो, बुडखे छाटतो, पाचट कुजवतो. रान मोकळं केलं तर निडवाही चांगला येतो. नसेचंही असं काही असतं का?

प्रतिसाद

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. (मी वरचाच, फिजिओथेरपिस्ट.)

वय झालं की नसेची फूट मंदावते, एवढं त्या कागदावरचं खरं आहे. पण का मंदावते? उंदरांवर प्रयोग झाले. म्हाताऱ्या उंदरात तरुण उंदराच्या नसेचा तुकडा जोडला, तर म्हातारे तंतू त्यातून चांगले वाढले. उलट तरुण उंदरात म्हाताऱ्या नसेचा तुकडा जोडला, तर तरुण तंतू रेंगाळले. अडचण मुख्यतः वाटेत होती. तंतू तुटला की श्वॉन पेशींनी आपलं रोजचं वेष्टनाचं काम सोडून कुजलेलं मायलिन साफ करायचं असतं आणि नव्या तंतूसाठी रांगेत उभं राहून वाट धरायची असते. म्हातारपणी त्या हे काम उशिरा आणि अर्धवट करतात. सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशीही सावकाश येतात. तुमच्या भाषेत, पाचट पडून राहतं.

मेंदू आणि मज्जारज्जू यांत तर तरुणपणीही तुटलेला तंतू सहसा फुटत नाही. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बारकाईनं नोंदवलं आणि बराच काळ सगळे तो पेशीचाच स्वभाव समजत राहिले. 1981 साली माँट्रियलमध्ये अग्वायो यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला. न फुटणारे तंतू त्या तुकड्यातून सेंटिमीटरच्या सेंटिमीटर वाढत गेले. इथेही रानच.

'वयोमानपरत्वे' मलाही आवडत नाही. तो शब्द आला की बोलणं संपतं. त्या जागी 'वार्धक्य' म्हणावं तर ती अवस्था झाली, आपल्याला हवी ती क्रिया. 'झिजणे' लोक वापरतात, पण नसा गुडघ्यासारख्या झिजत नाहीत. तंतू थोडे विरळ होतात, वेष्टन पातळ होतं, निरोप जरा सावकाश पोचतो. पायाच्या अंगठ्याला कंप लावला तर सत्तरीच्या माणसाला तो कमी जाणवतो. आणि रोज मेंदूच्या हजारो पेशी मरतात म्हणून घाबरवतात तेही सोडा. नीट मोजणी केली तेव्हा मेंदूच्या बाह्यांगात विसाव्या ते नव्वदाव्या वर्षात घट जेमतेम दहा टक्क्यांच्या घरात निघाली. जास्त जातात त्या बारीक फांद्या आणि जोडण्या. मी रुग्णाला सांगतो, 'नस जून झाली आहे.' जून भेंडी शिजते, वेळ लागतो.

प्रतिसाद (प्रश्न विचारणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. 'फुटणे' शब्दानं घरात काय झालं ते सांगते.

टिचकीची तपासणी तुम्हाला माहीतच असेल. बोटाच्या टोकापासून हळूहळू मागे टिचक्या मारत यायचं. जिथे पहिल्यांदा करंट लागल्यासारखं होऊन मुंग्या बोटाच्या टोकाकडे धावतात, तिथपर्यंत तंतू पोचलेला. फ्रेंच डॉक्टर टिनेल यांनी 1915 साली वर्णन केलं, आमच्याकडे दर रविवारी चहानंतर होतं. आईच्या किराणाच्या वहीत तिचा हात ठेवून मी पेन्सिलीनं आखून घेतला आहे. त्यावर तारखेसकट फुल्या. पहिले चार आठवडे फुली जागची हलली नाही, तेव्हा ती वही मिटून ठेवायची आणि म्हणायची, "झालं माझं." तेव्हा मी तिला 'पुनर्जनन' समजावत होते.

या धाग्यानंतर सांगितलं, "आई, नस तुटलेल्या उसासारखी आहे. बुडखा मानेत आहे, शाबूत आहे. रान जून आहे म्हणून सावकाश फुटतीये." तिचं माहेर वाळव्याचं. ती लगेच म्हणाली, "मग आधी डोळे फुगायला वेळ लागणारच की."

जखमेपासून बोटाच्या टोकापर्यंत 9 सेंटिमीटर आहे. परवा फुली साडेपाचवर गेली. आईनं ती स्वतः काढली, डाव्या हातानं, जरा वाकडी.

कागदासाठी मी असं वाक्य लिहून पाठवणार आहे : 'तुटलेली नस शिवली आहे. पेशी जिवंत आहे. तिच्यातून नवा तंतू फुटून बोटापर्यंत जाईल. वय जास्त असेल तर वाट मोकळी व्हायला वेळ लागतो, म्हणून काही महिने धरा.' 'जून' हा शब्द छापील कागदावर कुणाला लागेल असं वाटून गाळला. घालावा का?

प्रतिसाद

(पुन्हा मीच, फिजिओथेरपिस्ट.) कागदावर नको, बोलताना असू दे. आणि 'तोवर त्या बोटाला चटका आणि काप यांपासून जपा, कारण कळणार नाही' हे वाक्य जरूर वाढवा. बधिर बोटानं गरम पातेलं धरलेले रुग्ण मी फार पाहिले आहेत.