अनुभव धागा: हौशी चित्रगटात हाताला काय लागलं?

हौशी चित्रकारांच्या गटात जाणाऱ्या, पूर्वी गेलेल्या आणि गट चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. ‘छान वाटलं, ताण गेला’ हे खरंच असतं, पण इथे जरा खोलात जाऊन लिहा. कार्यशाळेत नेमकं काय केलंत, कोणाचं काम बघून तुमची पद्धत बदलली, कुठला उपक्रम टिकला आणि कुठला बारगळला?

सुरुवात मीच करते. आमच्याकडे वेळ संपायच्या आधी सगळी चित्रं जमिनीवर ओळीने मांडतात आणि सगळे उभं राहून बघतात. विषय एकच, समजा खिडकीतली बरणी, आणि तिची इतकी वेगवेगळी रूपं शेजारीशेजारी! लांबून पाहिलं की कोणाच्या चित्रात गडद छटा कमी पडल्यात ते कोणी सांगावं लागत नाही. घरी एकटीने काढताना मला हे कधीच दिसलं नसतं.

*

जलरंगाबद्दल लिहितो. ओल्या कागदावर ओला रंग सोडायचा हे व्हिडिओ बघून पाठ होतं, पण नेमका कधी, ते उमगत नव्हतं. कार्यशाळेत शिकवणाऱ्या काकांनी कागद डोळ्यांच्या पातळीला आणून उजेडाकडे तिरका धरायला लावला. पाणी साचून चकाकतंय तोवर थांबायचं. चकाकी मंदावली, पण कागद अजून ओलसर दिसतोय, तेव्हा रंग सोडायचा. त्यानंतर मात्र हात आवरायचा. अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी पडलं की ते रंगाला कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. काकांनी तसा डाग मुद्दाम पाडून दाखवला, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

कागदही तिथेच कळला. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत जाऊन बसतो. 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड कागद बराच दम धरतो. आणि अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून जो करडा मिळतो, तो शिकल्यापासून सावल्यांसाठी काळ्या रंगाची गरजच वाटलेली नाही.

*

आमच्या गटातला सगळ्यात टिकलेला उपक्रम म्हणजे लिनो छापांची, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून काढलेल्या छापांची अदलाबदल. प्रत्येकाने एक ठसा कोरायचा, गटात जितके सभासद तितके छाप काढायचे आणि घरी जाताना प्रत्येकाचा एकेक छाप घेऊन जायचं. माझ्या भिंतीवर आज गटातला प्रत्येक जण आहे.

नव्यांसाठी दोन गोष्टी. लिनो थोडा कोमट केला की मऊ पडतो आणि हत्यार सहज चालतं. दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा, पुढे कधीच नाही. शाई रुळावर नीट पसरली की बारीक चरचर ऐकू येते. आवाज ओला, फचफचीत आला तर शाई जास्त झालीय, बारीक रेषा बुजणार. हे कानाने ओळखायला मला शेजारी बसलेल्या आजींनी शिकवलं.

*

मांडणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या आधीच्या गटात दर वेळी चित्रं मांडायचे आणि दोन-तीन जाणकारच बोलायचे. नवीन आलेली मंडळी मान खाली घालून ऐकायची आणि हळूहळू यायची बंद झाली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. आता जिथे जातो तिथे आधी चित्रात काय दिसतंय एवढंच सांगायचं आणि सल्ला फक्त मागितला तर द्यायचा. एवढ्या बदलाने लाजरी माणसंसुद्धा बोलती झाली.

*

वरच्या दादांना अनुमोदन! आम्ही बाहेर बसून स्केचिंग करतो. गॅब्रिएल कॅम्पनारिओ या पत्रकार-चित्रकाराने 2007 मध्ये सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ चळवळीच्या जाहीरनाम्यात जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहून काढायचं असं आहे, आणि एकमेकांना साथ देत एकत्र काढायचं असंही आहे. एकटीने रस्त्यात वही उघडायला मी बिचकायचे. पाच-सहा जणांत बसलं की बघ्यांचं काही वाटत नाही. आमची ताई सावल्यांच्या कडा सगळ्यात आधी आखून घ्यायला लावते, कारण ऊन सरकतं आणि दोन तासांनी समोरची इमारत वेगळीच दिसते.

*

गट चालवणाऱ्यांनी एक जरूर करावं: किल्ली, साहित्य आणि निरोप ही कामं तिघांत वाटून द्यावीत. आमचं सगळं एकाच माणसावर होतं. त्याची बदली झाली आणि गट थांबला.

*

माझा हात थरथरतो, वयही झालंय. असल्या गटात यावं का?

*

काका, नक्की या. आमच्याकडे अशाच एक मावशी आहेत. त्यांना बारीक पेन्सिल झेपेना, तेव्हा भिंतीला मोठा कागद लावून जाडसा कोळसा दिला आणि मनगटाऐवजी खांद्यापासून हात फिरवायला सांगितलं. मोठ्या रेषेत थरथर फारशी जाणवत नाही, आणि जिथे उरते तिथे कोळशाला ती शोभते. समोरचा माणूस एक-दोन मिनिटंच स्थिर राहतो अशा झटपट पोझमध्ये त्यांच्या रेषेला जो जोर असतो, तो आमच्यापैकी कोणालाच जमत नाही. पहिल्या दिवशी जाड कोळसा आणि मोठा कागद मागून घ्या, आणि उभं राहवत नसेल तर उंच खुर्ची.