अनुभव धागा: दमदार सेडानची टेस्ट ड्राइव्ह, घाटात, हायवेवर आणि आपल्या गल्लीत

गेल्या रविवारी बीएमडब्ल्यूची एम३४०आय चालवून आलो. घेणार का? घरी अजून विषय काढलेला नाही. ३ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद चारही चाकांना, ० ते १०० फक्त ४.४ सेकंदांत. आणि मी चालवली कुठे, तर बाणेर रोडवर, सिग्नल ते सिग्नल, रिक्षाच्या मागे. ४० च्या वर काटा गेला नाही. शेजारचा सेल्समन म्हणतो, "पिकअप जाणवतोय ना सर?" काय डोंबल जाणवणार! अशा गाड्या तुम्ही कुठे चालवून पाहिल्यात? लिहा.

घाटवेडा: मी हट्टाने ताम्हिणी मागून घेतला होता. मंगळवारी सकाळी सहाला निघालो, शनिवार-रविवारी तिथे नुसती जत्रा असते. मुळशी मागे पडल्यावर गाडी स्पोर्ट मोडवर टाकली आणि गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडलने हातात घेतले. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. एका डाव्या वळणावर ओला पाचोळा पडला होता. मागचं चाक बोटभर सरकलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि गाडी मुकाट्याने सरळ. माझ्या छातीतली धडधड मात्र पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत थांबली नाही. त्यानंतर खड्डे लागले. १९ इंची चाकं, टायरची कड चपटी, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात.

सौ. ठाणेकर: सासूबाईंना सोबत न्या. आमच्या बसल्या, पण उतरताना दोघांनी हात दिला. "पाटावरून उठल्यासारखं वाटतं गं," म्हणाल्या. विषय संपला.

श्टुटगार्टहून: इथे भाड्याने घेऊन ऑटोबानवर चालवली. पांढऱ्या गोल पाटीवर तिरप्या काळ्या रेघा दिसल्या की वेगमर्यादा संपली. १३० ची शिफारस आहे, सक्ती नाही. मी २१० पर्यंत गेलो. वेगापेक्षा शिस्तीचं नवल वाटलं: ओव्हरटेक डावीकडूनच आणि झाला की लगेच उजवीकडे. आरशात ठिपका दिसतो, तीन श्वासांत तो मागे येऊन उभा. पुढे रस्त्याच्या कामाची पाटी आली, ८०, आणि सगळे एकदम ८० वर. पेट्रोलचा काटा मात्र डोळ्यांदेखत उतरत होता. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा १०० ची, त्यामुळे तिथे या इंजिनाची अर्धी ताकद झोपूनच राहणार.

पंक्चरवाला: डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारे टायर असतील तर बहुधा नसते. पंक्चर झाल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. कोकणात रात्री हा हिशेब आठवतो.

धागाकर्ता: तुमचं ऐकून काल पुन्हा गेलो आणि गाडी थेट आमच्या सोसायटीत आणायला लावली. गेटजवळचा स्पीडब्रेकर कुणी घातलाय देव जाणे, बैल आडवा झोपल्यासारखा आहे. तिरकी घातली, एक चाक, मग दुसरं. तरी पोटाखालून 'खर्रर्र'. सेल्समनने डोळे मिटले. वॉचमनकाका वाकून बघत म्हणाले, "साहेब, ही बाहेरच लावत जा."

बायको वर बाल्कनीत उभी होती. विषय आता आपोआपच निघालाय.