कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याने वडोदऱ्यातले उद्योग ओढून आणले काय?

रावपुरेकर : अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ साली असे मांडले की, भांडवल अपुरे असलेल्या देशाने सगळे उद्योग एकदम उभारण्याच्या मागे न लागता, ज्याच्याशी मागचे-पुढचे, म्हणजे त्याला माल पुरवणारे आणि त्याचा माल वापरणारे, सर्वाधिक धंदे जोडले जातात असा एखादा उद्योग निवडावा, बाकीचे त्याच्यामागोमाग येतात. वडोदऱ्यात हेच घडले. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागले, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोरसायन कंपनी स्थापन झाली, आणि पुढे कोयलीत खनिज तेलापासून निघणाऱ्या नाफ्था या द्रवापासून शेजारीच प्लास्टिकचे दाणे तयार होऊ लागले, ज्यांवर बादल्या आणि पाइप करणाऱ्या कितीतरी लहान कारखान्यांचे पोट चालते. सरकारी पैसा अशा मूळ उद्योगातच जावा, असे माझे मत आहे.

लेथवाला, मकरपुरा : हे मत मला मान्य नाही. जीआयडीसीत, म्हणजे येथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, माझे दोन लेथ आहेत आणि मी पंपांसाठी बिडाचे फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या कडा, कातून देतो. ओतीव नग फाउंड्रीतून येतो, आणि कातताना खाली पडलेला बिडाचा चुरा गोणीत भरून भंगारवाल्यामार्फत पुन्हा भट्टीत जातो. हे चक्र कोणत्याही योजनेने बसवून दिलेले नाही. ते अडते ते केवळ उधारीमुळे. लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. गेल्या वर्षी एका मोठ्या कारखान्याने माझे बिल पाच महिने अडकवले. व्याज मागितले असते तर पुढची ऑर्डर गेली असती, म्हणून गप्प बसलो. त्या काळात मी फाउंड्रीला थकवले आणि फाउंड्रीने भट्टीचा कोळसा देणाऱ्या कोकवाल्याला. मोठा उद्योग लहानांना ओढतो असे आपण म्हणता, साहेब. मला तर तो आमच्याच पैशावर चालताना दिसतो.

निवृत्त मास्तर : दोघेही कोयलीपासूनच मोजणी सुरू करतात, याचे नवल वाटते. सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा १८९० साली उघडली आणि ॲलेंबिक ही औषध-रसायनांची कंपनी १९०७ साली. हातात कसब असलेली माणसे येथे आधीपासून होती. नुसता नाफ्था येऊन काय झाले असते?

रावपुरेकर : मास्तर, कसबाचा मुद्दा मान्य. परंतु लेथवाल्यांनी सांगितलेले दुखणे वसुलीचे आहे, त्यावरून मूळ उद्योग नकोत असे ठरत नाही. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर बनतात, पण त्यांच्या गाभ्याला लागणारा खास पोलादी पत्रा बराचसा परदेशातून येतो. त्या देशाने हात आखडला की आपली वाइंडिंग करणारी माणसे बसून राहणार. असा पत्रा मकरपुऱ्यातल्या लेथवाल्यांनी वर्गणी काढून होणार नाही. तेथे मोठे भांडवलच लागेल. उधारीसाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी ट्रेड्स ही बिले वटवण्याची ऑनलाइन व्यवस्था आहे. तेथे बिल चढवले की बँक व्याज कापून पैसे आधी देते.

लेथवाला, मकरपुरा : पत्र्याचे आपले म्हणणे खरे आहे, ते मी खोडत नाही. ट्रेड्सवर मात्र खरेदीदाराने बिल मान्य केल्याखेरीज कोणतीही बँक त्याला हात लावत नाही. माझे बिल पाच महिने त्या मान्यतेसाठीच कारखान्याच्या स्टोअर विभागात पडून होते. माल उतरवून घेतल्याच्या सहीचे चलान माझ्या हातात असूनही.