मेंटल फोरामेनचा मनाशी काय संबंध?

प्रश्न: बीडीएस प्रथम वर्ष, छत्रपती संभाजीनगर
तोंडी परीक्षेत खालच्या जबड्याचे हाड हातात देऊन, उपदाढांच्या मुळांखालच्या बारीक छिद्राचे नाव मला विचारण्यात आले. मेंटल फोरामेन हे नाव मी बरोबर सांगितले. परंतु ‘मेंटल का?’ यावर, मनाशी संबंधित मज्जातंतू तिथून बाहेर पडतो म्हणून, असे ठोकून दिले आणि परीक्षकांना हसू आवरेना. प्रत्यक्षात तो तंतू हनुवटीची व खालच्या ओठाची संवेदना वाहतो. मग हे नाव कसे पडले?

उत्तर: निवृत्त इंग्रजी शिक्षक, परभणी
लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन आणि ‘मेंटुम’ म्हणजे हनुवटी. ‘मेन्स’ हा आपल्या ‘मति’चा सख्खा भाऊबंद, ‘मेंटुम’चे गोत्रच वेगळे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी ‘पाणी’चे ‘पाण्या’ होते, तसे लॅटिन शब्दाचेही अंग बदलते आणि विशेषण त्या अंगापासून बनते. या दोन्ही शब्दांचे अंग योगायोगाने ‘मेंट’ असेच होते, त्यामुळे इंग्रजीत दोघांचेही ‘मेंटल’ झाले. याच्या उलट ‘ओस’ पाहा: तोंडालाही ओस आणि हाडालाही ओस, फरक केवळ स्वराच्या लांबीचा, पण अंगे ‘ओर’ आणि ‘ओस्स’ अशी निराळी असल्यामुळे ‘ओरल’ व ‘ऑसिफिकेशन’ यांत कोणाचा घोटाळा होत नाही.

उत्तर: ग्रंथपाल, लातूर
आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी ‘लायब्ररी’ आणि ‘लिबर्टी’ एकाच मुळातून आल्याचे सांगून टाळ्या घेतल्या होत्या. वास्तविक, दीर्घ इकाराचा ‘लीबेर’ म्हणजे मुक्त, तर ऱ्हस्व इकाराचा ‘लिबेर’ म्हणजे मुळात झाडाची आतली साल आणि पुढे पुस्तक. विचारविनिमयासाठीचा ‘डेलिबरेट’ तर ‘लीब्रा’ म्हणजे तराजू, त्यावरून आला असे मानले जाते. मी त्या दिवशी काही बोललो नाही. आभारप्रदर्शन माझ्याकडेच होते.

उत्तर: नांदेड
हे आपल्याकडेही आहेच. आमसभेतला ‘आम’ अरबी, म्हणजे सर्वसाधारण; आमवातातला संस्कृत, म्हणजे न पचलेला; आणि आमरसातला आम्रापासून आलेला.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. सर, त्याच हाडाच्या आतल्या बाजूला जीनियल ट्यूबरकल नावाचे उंचवटे आहेत. मनमिळाऊ माणसाला म्हणतात तोच हा ‘जीनियल’ का?

उत्तर: निवृत्त इंग्रजी शिक्षक, परभणी
नव्हे. मनमिळाऊ ‘जीनियल’ लॅटिन ‘गेनिउस’वरून आला, आणि आपल्या हाडावरचा ग्रीक ‘गेनेइओन’वरून. त्याचाही अर्थ हनुवटीच.