घाव एकाचा, मग खुनाचा आरोप सहा जणांवर कसा?

दांडियाबाजारकर: नमस्कार. गेल्या महिन्यात बडोद्यात आमच्या पोळच्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीच्या, तोंडाशी गाडी लावण्यावरून दोन गटांत मारामारी झाली. समोरच्या एका मुलाच्या डोक्यात लोखंडी पाइप बसला आणि तिसऱ्या दिवशी तो दगावला. फिर्यादीत सहा नावे आहेत आणि सहाही जणांवर खुनाचे कलम लागले आहे. त्यांत माझ्या आतेभावाचा मुलगा आहे. आपण एकाची कॉलर धरली होती हे तो कबूल करतो, पण पाइपाला त्याने हात लावला नव्हता. अशा वेळी न्यायालय कोणाचा किती दोष, हे कसे ठरवते?

निवृत्त फौजदारी वकील, रावपुरा: न्यायाधीश आधी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काय केले ते पाहतात, आणि मग दुसऱ्याचे कृत्य त्याच्या खात्यावर टाकता येते का, ते. यासाठी सरकार पक्षाकडे दोन वाटा असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) खाली, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३४ खाली, ‘समान इरादा’ सिद्ध करावा लागतो. कलम १९० खाली, म्हणजे जुन्या १४९ खाली, किमान पाच जणांचा बेकायदेशीर जमाव आणि त्याचे समान उद्दिष्ट. समान इरादा म्हणजे दोघांच्या मनात सारखाच राग असणे नव्हे, तर दोघांनी मिळून तो बेत केलेला असणे, हा फरक प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९४५ साली महबूब शाह प्रकरणात स्पष्ट केला. सिंधू नदीकाठच्या त्या भांडणात प्राणघातक गोळी दुसऱ्याची होती, आणि महबूब शाहची खुनाची शिक्षा रद्द झाली. हा बेत आयत्या वेळीही होऊ शकतो, त्यामुळे ‘आधी काही ठरले नव्हते’ एवढ्यावर विसंबू नका. मात्र भांडण अचानक पेटले असेल, आणि पाइप मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नसेल किंवा क्रूरपणा केला नसेल, तर कलम १०१ च्या चौथ्या अपवादाने त्याचाही गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधावर, म्हणजे कलम १०५ वर, येऊ शकतो.

पाणीगेटचा वाचक: वकीलसाहेबांबद्दल आदर ठेवून म्हणतो, कॉलर धरणे ही किरकोळ गोष्ट समजू नये. एकाने धरून ठेवले आणि दुसऱ्याने डोक्यात घातले, तर समान इराद्याचा याहून ठळक पुरावा तो कोणता? कॉलर मृताचीच होती की आणखी कोणाची, हे आधी सांगा.

कोर्टात स्टेनो होतो: साक्षी टंकताना एक वाक्य मी अगणित वेळा लिहिले: ‘सगळे त्याच्यावर तुटून पडले.’ मग बचाव पक्षाचा वकील शवविच्छेदनाचा अहवाल उघडतो आणि शांतपणे विचारतो, सहा जण तुटून पडले, तर अंगावर जखम एकच कशी? सगळ्या खटल्यात त्या एका प्रश्नाइतकी शांतता मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या मसाल्ती निकालानंतर, आरोपी आणि साक्षीदार दोन्ही पुष्कळ असतील तर एखाद्या आरोपीविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांचे सुसंगत कथन आहे का, हे न्यायालये तपासतात. अर्थात त्याच निकालाने असेही म्हटले आहे की, जमावाचा सभासद ठरल्यावर प्रत्येकाने वेगळा घाव घातलाच पाहिजे असे नाही. तुमच्या बाजूच्या मुलांनाही मार लागला असेल, तर त्यांचे वैद्यकीय कागद आणि उलट फिर्याद नोंदवून घ्या. दोन्ही खटले शक्यतो एकाच न्यायाधीशापुढे पाठोपाठ चालतात.

दांडियाबाजारकर: आपल्या सर्वांचा आभारी आहे. मुलाला पुन्हा विचारले. कॉलर मृताच्या मित्राची होती, आणि ते दोघे स्कूटरच्या पलीकडे होते. समोरच्या किराणा दुकानाचा कॅमेरा त्याच बाजूला वळलेला आहे.

निवृत्त फौजदारी वकील, रावपुरा: मग उद्याच दुकानदाराला भेटा. डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुने चित्रण आपोआप पुसले जाते, त्यामुळे ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पोलिसांकडे द्या आणि त्याची पोच घ्या. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही जोडावे लागेल.