पाठांतरापेक्षा मूळ धरा
इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवायला रोज दहा अवघड शब्द पाठ करा, असा सल्ला काहीजण देतात. मी करून पाहिलंय, आठवड्यात निम्मे पार पुसले गेले. त्यापेक्षा शब्दाचं मूळ धरा. लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणे. त्यातूनच एलोक्वंट म्हणजे वक्तृत्वपूर्ण, लोक्वेशस म्हणजे बडबड्या, कलोक्विअल म्हणजे बोलीतला, सॉलिलक्वी म्हणजे स्वगत. एक धागा ओढला की चार शब्द हाती!

आणि नुसत्या अर्थावर विसंबू नका, छटा बघा. 'नोटोरियस' म्हणजे प्रसिद्ध, असं समजून मी निरोपसमारंभात सरांना भर सभेत कुप्रसिद्ध ठरवलं होतं. सर हसले, नशीब माझं.

यादीच हवी असेल तर भाषा-अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' घ्या. ५७० शब्दकुळं (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट) आहेत, अभ्यासाच्या पुस्तकांत सतत भेटणारी.